ओठ दिसले पाहिजेत

आमचा धंदा खोक्यांचा आहे. खोकी आम्ही स्वतः बनवत नाही. लाडू, फरसाण, मसाले, चटण्या विकणाऱ्या छोट्या लोकांसाठी बॉक्स कसा असावा, त्यावर काय छापावं, झाकण कुठून उघडावं हे आम्ही ठरवून देतो आणि छपाईवाल्याकडून ते करून घेतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी भागीदार. आधी दोघी एकाच पॅकेजिंग कंपनीत नोकरीला होतो, शेजारशेजारच्या टेबलांवर. कंपनीने मुंबईतलं ऑफिस बंद करून सगळ्यांना गुजरातेत यायला सांगितलं तेव्हा आम्ही दोघींनी नाही म्हटलं, आणि अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लहानसा गाळा भाड्याने घेतला.

ती मुलुंडची, मी बोरिवलीची. नकाशात पाहिलं तर दोघींची घरं एकाच डोंगराच्या दोन बाजूंना आहेत, पण मधल्या जंगलातून कोणी जात नाही, वळसा घालूनच जावं लागतं. गाळा दोघींनाही सारखाच गैरसोयीचा होता, त्यामुळे त्यावरून कधी भांडण झालं नाही.

मग तिच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी कोणीतरी सतत असणं भाग झालं. ती म्हणाली, "मी रोज नाही येऊ शकणार गं. आठवड्यातून दोनदा येईन. बाकी घरून." गिऱ्हाइकांनीही लॉकडाऊनपासून गाळ्यावर येणं जवळजवळ सोडलंच होतं. तोवर आम्ही गिऱ्हाईक जी लिंक पाठवेल त्या व्हिडिओ मीटिंगला जाऊन बसत होतो. आता आपलं स्वतःचं, पैसे भरून घेतलेलं मीटिंगचं सॉफ्टवेअर असावं असं ठरलं.

"तीनचार बघू, एक ठरवू," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने हे एका दुपारचं काम होतं.

आम्ही तीन बघितली. त्यांची खरी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून तिने त्यांना टोपणनावं ठेवली. एकात लिहायला-चितारायला मोठा पांढरा फळा होता, तो 'फळा'. दुसऱ्यात सगळ्यांचे चेहरे मोठ्या चौकोनांत ओळीने दिसायचे, गॅलरीत येऊन उभे राहिल्यासारखे, ती 'गॅलरी'. तिसऱ्यात काहीच डाउनलोड करावं लागत नव्हतं, लिंक दाबली की आत. तो 'पाहुणा'.

तिला फळा हवा होता. बॉक्सचं डिझाइन पडद्यावर टाकायचं, त्यावर सगळ्यांसमोर रेघा मारायच्या, बाण काढायचे, हे आमच्या कामाला सोयीचं होतंच. मला गॅलरी हवी होती.

"का पण?" तिने विचारलं.

"बरी वाटते. माणसं नीट दिसतात."

"माणसं काय करायचीयेत? बॉक्स नीट दिसला पाहिजे."

मी म्हटलं, फळ्याचा रंग डोळ्यांना त्रास देतो.

"रंगावरून घ्यायला साडी आहे का?" ती म्हणाली, आणि तिने फळा घेतला. महिन्याचे पैसे तिच्याच कार्डावरून जाणार होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं कारण नव्हतं.

कारण होतं. मला कमी ऐकू येत होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

हे मला स्वतःलाही फार उशिरा कळलं, त्याचं कारण माझे वडील. ते गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. तिथले कामगार आवाज न काढता, तोंड जरा मोठं करून, ओठांनी शब्द घडवायचे, आणि लांबचा साचेवाला ते वाचायचा. वडिलांना घरीही तीच सवय होती. पाहुणा खोलीत बसलेला असायचा आणि ते त्याच्या डोक्यावरून मोरीपाशी उभ्या असलेल्या आईला बिनआवाजाचं सांगायचे, "च्या नको, सरबत कर." पाहुण्याला पत्ता नसायचा. आम्ही भावंडं ते वाचायला कधी शिकलो, आठवत नाही. आमच्यात ती एक गंमत होती. शाळेत मी मैत्रिणींना मैदानाच्या पलीकडून बाई काय बोलतायत ते सांगायचे.

त्यामुळे माझे कान अधू व्हायला लागले तेव्हा डोळ्यांनी त्यांचं काम परस्पर अंगावर घेतलं. मास्कच्या दिवसांत मला वाटलं, सगळी मुंबई पुटपुटायला लागलीये. भाजीवाला, बँकेतली बाई, खालचा वॉचमन, सगळेच. मास्क गेले आणि लोक पुन्हा नीट बोलायला लागले. तेव्हा कुठे माझ्या मनात शंका आली. फोन घ्यायचं मी आधीच टाळायला लागले होते. 'मेसेज कर ना, मी बाहेर आहे' हे माझं ठरलेलं वाक्य होतं. घरी नवरा म्हणायचा, "टीव्ही वरच्या मजल्याला ऐकवायचाय का?" मी आवाज कमी करायचे आणि बातम्या वाचणारीच्या तोंडाकडे बघत बसायचे.

एकदा एकटीच बोरिवली स्टेशनजवळ जाऊन कान तपासून आले. कानावर हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बसले होते, आणि काचेपलीकडची तपासणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं अजून सुरू व्हायचंय. ते केव्हाच सुरू झालं होतं. ती म्हणाली, दोन्ही कानांना मशीन लावा, जितकं लवकर लावाल तितकं बरं. मी "बघते" म्हणून निघून आले.

वडिलांचे कान त्यांच्या पन्नाशीतच गेले होते. गिरणी बंद पडल्यावर आम्ही बोरिवलीला आलो, तोवर ते जवळपास ठार बहिरे झाले होते. त्यांना कोणी वाईट वागवलं असं नाही. फक्त हळूहळू त्यांना विचारणं बंद झालं. माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं, तारीख ठरली, हॉल ठरला, आणि ते त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांना सांगायचं म्हणजे समोर जाऊन बसावं लागायचं, आणि तेवढा वेळ कोणाला नव्हता. मशीन लावल्यावर लोक माझ्याशीही असंच वागतील, असं मला वाटत होतं. धंद्यात तर जास्तच. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला कोण काम देईल?

तर, फळा. फळ्यावर स्क्रीन शेअर केली की डिझाइन पडदाभर पसरायचं आणि माणसांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे होऊन कोपऱ्यात जायचे. तिकिटावरचे ओठ कोण वाचणार? ती मीटिंगमध्ये असायची तोवर निभावत होतं, कारण बोलणं ती करायची आणि मी डिझाइन हलवायचे. ती नसली की मी अंदाज करायचे. आमच्या धंद्यात बरंचसं बोलणं ठरावीकच असतं, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा.

घाटकोपरचे एक फरसाणवाले आमचे जुने गिऱ्हाईक. मिठाईचं दुकान वडिलांच्या काळापासूनचं, आणि आता त्यांना चकली, शेव, चिवडा चांगल्या बॉक्समध्ये घालून मॉलमध्ये ठेवायचा होता. त्या दिवशी तिला सासूबाईंना घेऊन डॉक्टरकडे जायचं होतं. मीटिंग मी एकटीने घेतली. ते दुकानातूनच बोलत होते, मागे गिऱ्हाइकांची गडबड. थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा बंद केला, नेट जड जातंय म्हणाले असावेत. राहिला नुसता आवाज, तोही तुटक. 'विंडो' हा शब्द मला कळला. बॉक्सला आतला माल दिसावा म्हणून पारदर्शक कागद लावून जी खिडकी ठेवतात, तिचं चाललं होतं. 'साइड' कळलं. मी दोनदा "परत सांगा" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला मला लाज वाटली.

"हो, हो, समजलं," मी म्हणाले.

मीटिंग संपल्यावर मी त्यांना मेसेज केला: खिडकी बाजूला, मोठी. त्यांनी अंगठा पाठवला. दुकानात बसलेला माणूस, वाचलं असेल नसेल. आम्ही नमुने करायला टाकले.

नमुने गेले आणि त्यांचा फोन तिला आला. खिडकी त्यांना नकोच होती. चकलीचं तेल त्या कागदाला लागतं आणि आठवड्यात डाग दिसतो, म्हणून खिडकी काढा आणि बाजूला फक्त चकलीचा फोटो छापा, असं ते सांगत होते. "मैंने तो मैडम को तीन बार बोला था," ते तिला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर ती त्यातला एक नमुना टेबलावर ठेवून बसली होती. चिडली नव्हती, पण तिला खरंच कळत नव्हतं.

"तो म्हणतो तीनदा सांगितलं."

"आवाज तुटत होता."

"मग विचारायचं ना परत."

"विचारलं."

"मग?"

मी तिच्यासमोर बसले होते, उजेड तिच्या तोंडावर होता, आणि मला तिचा शब्द न् शब्द कळत होता. अशा वेळी खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही नीट. दोन्ही कानांनी. आवाज येतो, शब्द सुटे होत नाहीत. तुझे ओठ दिसतात म्हणून आत्ता कळतंय."

तिने बॉक्सच्या खिडकीचा कागद बोटाने दाबून पाहिला.

"कधीपासून?"

"दोनतीन वर्षं असतील. जास्तच."

"घरी माहितीये?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग आता काय लागेल ते सांग." पण तिला सासूबाईंच्या व्यायामवाल्या बाईच्या वेळेला घरी पोचायचं होतं, आणि ती पर्स उचलून निघाली. जाताना दाराशी पाठमोरी काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. संध्याकाळभर मी तेच काय असेल याचा विचार करत राहिले. घरी गेल्यावर नवऱ्यालाही सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं," आणि मग पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर मशीन बघायला आला.

तिने लगेच फळा बंद केला नाही. ती तशी नाही, तिला आधी खात्री लागते. तिने ठरवलं की तिन्ही परत बघायची, आणि या वेळी दोघींनी आपापल्या घरून, एकमेकींसमोर. ती मुलुंडला सासूबाईंच्या खोलीत खिडकीसमोर बसली, मी बोरिवलीला स्वयंपाकघराच्या टेबलावर.

"मी काय बघू?" तिने विचारलं.

"मी सांगते. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. रेसिपी सांग."

तिने साबुदाण्याच्या खिचडीपासून सुरुवात केली. फळ्यावर तिचं तोंड आणि तिचा आवाज यांच्यात फट होती. तोंड मिटायचं आणि शब्द मागून यायचा, गॅरेजमधून गाडी ढकलत आणल्यासारखा. ज्याला ऐकू येतं त्याला याचं काही वाटत नाही. मला मात्र डोळे एक सांगत होते आणि कान दुसरं, आणि दोन्ही मिळून काहीच हाती लागत नव्हतं. नेटचा दोष असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परत केलं. तसंच.

गॅलरीत ते चांगलं जुळत होतं. मी खूश झाले. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला आधी अ‍ॅप टाकायला लागायचं, पासवर्ड करायला लागायचा. ती म्हणाली, "तुझा तो फरसाणवाला दुकानात उभ्या उभ्या हे करेल?" करणार नाही, हे मलाही कळत होतं. ज्याच्यासाठी मी रंगाबिंगाचं खोटं बोलले होते ते माझं मीच सोडलं.

उरला पाहुणा. त्याच्याकडे आम्ही दोघींनी पहिल्यांदा धड बघितलंच नव्हतं. त्यात एक सोय सापडली. स्क्रीन शेअर केलेली असतानाही एखादा चेहरा टाचणी लावल्यासारखा बाजूला मोठा ठेवता येत होता. अर्धा पडदा बॉक्स, अर्धा पडदा माणूस. आवाज आणि ओठ गॅलरीइतके नाही, पण पुरेसे जुळत होते. शिवाय खाली बोललेलं मराठीत लिहून यायचं. ते बघून आम्ही आधी हरखलो आणि मग हसलो. तिने 'कडबोळी' म्हटलं की खाली 'कडे बोली' यायचं. 'ताकातली मिरची'ची 'ताकदली मिरची' झाली. 'भाजणी' काही केल्या त्याला जमेना, दर वेळी नवीन काहीतरी. तरी वाक्याचा रोख कळायचा, आणि ओठांवर ज्यात घोळ होतो ते अक्षर बहुतेक वेळा खाली बरोबर असायचं.

"कसला घोळ?" तिने विचारलं.

मी सांगितलं की प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. बाबा, मामा, पापा, आरशात बघ, एकच शब्द आहे.

तिने खरंच फोनचा कॅमेरा आरशासारखा धरून तीनदा तोंड मिटलं-उघडलं. मग म्हणाली, "थांब, मी माइक बंद करते. बघू तुला किती येतं."

ती एकेक शब्द बोलायची, मी सांगायचे. टेबल, अंधेरी, शुक्रवार. तिच्या मुलाचं नाव. तिने 'पापड' म्हटलं आणि मी 'बापट' म्हणाले, तेव्हा ती पडद्यावर बिनआवाजाची हसली. मागे पलंगावर सासूबाई बसल्या होत्या, त्याही हसत होत्या.

माइक तसाच बंद होता. मग ती माझ्याकडे न बघता, कॅमेऱ्याच्या जरा खाली बघत, हळूच एक वाक्य बोलली. मला ते पहिल्या झटक्यात कळलं, पण खात्री वाटेना.

"परत," मी म्हटलं.

तिने परत तेच म्हटलं, या वेळी वर बघून. *मला वाटायचं तू माझ्यावर रागावलीयेस.*

गाळ्यात आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती. ती काम करता करता, पाठमोरी, काहीबाही बोलत राहायची. घरचं, भाजीचं, सासूबाईंचं. मी उत्तर दिलं नाही की काही वेळाने गप्प व्हायची. दोनतीन वर्षं तिने असं किती वेळा केलं असेल, मला माहीत नाही. माझ्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

"नव्हते गं रागावले," मी म्हटलं. "मला ऐकूच येत नव्हतं."

तिने माइक चालू केला, घसा खाकरला आणि म्हणाली, "मग पाहुणा घ्यायचा ना? वर्षाचं घेऊ, स्वस्त पडतं." आम्ही पाहुणा घेतला. तिचा फळा गेला. आता ती कागदावर मार्करने चित्र काढते आणि कॅमेऱ्यासमोर धरते, आणि मग कागद खाली करून बोलते, म्हणजे मला तोंड दिसेल. गाळ्यातली टेबलंही आम्ही त्याच आठवड्यात फिरवून समोरासमोर केली.

नुसतं घेऊन भागणार नव्हतं. समोरच्याने कॅमेरा चालू ठेवला नाही तर चेहरा मोठा करून उपयोग काय? म्हणजे गिऱ्हाइकांना सांगायला हवं. मी म्हटलं, आपण 'आमचा नियम आहे' एवढंच सांगू, कारण नको. ती म्हणाली, "कारण नाही सांगितलं तर कोणी पाळणार नाही. सांगायचं."

"आणि काम गेलं तर?"

"गेलं तर गेलं. खिडकीवाले बॉक्स परत करायची हौस नाहीये मला."

पहिला मान फरसाणवाल्यांचा. नवीन नमुने दाखवायचे होतेच. मी मीटिंगच्या सुरुवातीलाच म्हणाले, "मला ऐकायला कमी येतं. कॅमेरा चालू ठेवाल का? आणि तोंडावर उजेड राहू दे. म्हणजे चूक होणार नाही."

ते थोडे गडबडले. "अच्छा," म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी..." आणि वाक्य सोडून दिलं. त्यांनी फोन उचलून दुकानाच्या पुढच्या बाजूला ट्यूबलाइटखाली नेला. मग ते बोलायला लागले, आणि ते असं की लहान मुलाला शिकवतोय. एकेक शब्द तोडून, जबडा ताणून, ओरडून. तसं केलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि काहीच वाचता येत नाही. शिवाय त्यांची मिशी भरघोस, वरचा ओठ तिच्यात गेलेला. मी त्यांना नेहमीसारखं बोलायला सांगितलं. दोनतीन वाक्यांनंतर ते मूळ वेगावर आले आणि मला बहुतेक कळायला लागलं. शेवटी ठरलेल्या गोष्टी मी मीटिंगमध्येच लिहून पडद्यावर ठेवल्या आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या. अंगठ्यावर आता आम्ही काही सोडत नाही.

"मूंछ नहीं निकालूँगा, हाँ मैडम," जाता जाता ते म्हणाले. त्यांचं काम अजून आमच्याकडेच आहे.

सगळं असं झालं नाही. गोरेगावची एक मसाल्याची कंपनी होती, तिथला मॅनेजर कॅमेरा लावायचा नाही. मी सांगितलं, तो "शुअर, शुअर" म्हणाला, आणि पुढच्या वेळी परत काळा चौकोन. त्या मीटिंगा ती एकटी घ्यायला लागली आणि मला नंतर समोर बसून सांगायची. काही महिन्यांनी त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी काम दिलं. माझ्यामुळे की आमच्या दरांमुळे, कळायला मार्ग नाही. मला ते बरेच दिवस लागलं. ती एकदाच त्याबद्दल बोलली, "त्याचा चेहरा मीही कधी बघितला नाही," आणि विषय संपवला.

गोराईच्या एक बाई सुकटीची चटणी बाटल्यांत भरून विकतात, त्यांना लेबल हवं होतं. त्यांच्यापुढे पाहुण्यानेही हात टेकले. त्या ओट्यावर बसून बोलायच्या, खाडीचा वारा माइकमध्ये शिरायचा, पाठीमागून ऊन, त्यामुळे चेहरा काळाठिक्कर. बोली कोळ्यांची, त्या बोलीचे ओठ मला ओळखीचे नव्हते. खालच्या मराठी अक्षरांत 'सुकट' दर वेळी 'सुखात' व्हायची. मी म्हटलं, "मावशी, जरा फिरून बसा." त्यांनी स्वतः फिरायच्या ऐवजी फोन फिरवला आणि मला सगळं अंगण दाखवलं, वाळत टाकलेल्या जवळ्यासकट. शेवटी आम्ही दोघी बोटीने जाऊन त्यांना भेटून आलो. त्यांनी चटणी भाकरीवर घालून दिली, लेबलाचं बोलणं जेवताना झालं. परतीच्या बोटीत ती माझ्या समोरच्या फळीवर बसली होती, शेजारी जागा असूनही.

मशीन लावून आता वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला प्लॅस्टिकची पिशवी, फ्रिज, माझ्याच चपला, हे सगळं फार मोठ्याने यायचं आणि माणसं त्याच्या मागे राहायची. आता सवय झाली. मीटिंगमध्ये लॅपटॉपचा आवाज थेट मशीनमध्ये येतो, मुलुंडच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. ती एकदा म्हणाली, "आता ओठ नाही लागत ना बघायला?" लागतात. मशीनने आवाज मोठा होतो, पण शब्द अजून मी डोळ्यांनीच नक्की करते. बहुधा तसंच राहील. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिल्या मिनिटाला सांगून टाकते. काही जण लगेच विसरतात, मग परत सांगते.

गेल्या महिन्यात वर्षाचे पैसे परत भरायची वेळ आली. तिला कोणीतरी एक नवीन सांगितलं होतं, मीटिंगचं टिपण आपोआप लिहून देणारं, आणि थोडं स्वस्तही. तिने ते आठवडाभर वापरून बघितलं.

"चेहरा मोठा ठेवता येतो," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "ओठही बरे जुळतात. पण अडचण आहे."

"काय?"

"सासूबाई रविवारी आपल्या अकाउंटवरून त्यांच्या बहिणीशी बोलतात. त्यांना आता हे येतं. दुसरं शिकणार नाही म्हणतात."

सासूबाई मागून काहीतरी म्हणाल्या. त्या पलंगावरून उठून, वॉकर धरून, पडद्यात आल्या आणि माझ्याकडे तोंड करून परत म्हणाल्या, "हेच राहू द्या. मला चांगलं जमतंय."

म्हणून यंदाही पाहुणाच घेतला.